मेस्त्रीचा हात : गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांतील काष्ठकला

शलमोनाने मंदिर बांधण्याचा संकल्प केला तेव्हा त्याने सोराचा राजा हिराम याजकडे निरोप पाठविला. लबानोनातील गंधसरू तोडून द्यावेत अशी ती विनंती होती. त्या निरोपात एक कबुली आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. लाकूडकामात सीदोनी लोकांइतका निष्णात मनुष्य आमच्यात कोणी नाही, असे शलमोन मोकळेपणाने मान्य करतो (१ राजे, अध्याय ५). देवाच्या मंदिराचे लाकूड अशा रीतीने इस्राएलाबाहेरच्या हातांनी तोडले आणि त्या हातांना त्यांची मजुरी मिळाली. पवित्र शास्त्राला यात काही वावगे वाटले नाही.

यानंतर सुमारे अडीच हजार वर्षांनी, १५६७ साली, गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. ख्रिस्ती उपासनेच्या प्रतिमा व वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असे त्या परिषदेने ठरविले. शलमोनाने ज्या गोष्टीची मागणी केली, तिलाच परिषदेने मनाई केली. परंतु पुढील दोन शतकांत गोव्यातील ख्रिस्तमंदिरांमध्ये लाकडाचे जे वैभव उभे राहिले ते पाहिले असता, मनाईची आज्ञा आणि प्रत्यक्ष काम यांच्या वाटा भिन्न होत्या असे दिसून येते. त्या वैभवाचा आणि ते घडविणाऱ्या अनामिक हातांचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. धर्मगुरू व धर्मशिक्षक हे आजही अशा लाकडाचे राखणदार आहेत, म्हणून हा इतिहास त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आज्ञा आणि वास्तव

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकले. आरंभीच्या काळात वेद्या, प्रतिमा व उपासनेचे साहित्य गलबतांतून लिस्बनहून येत असे. तो प्रवास सहा-सहा महिन्यांचा होता आणि चर्चची संख्या झपाट्याने वाढत होती. साहजिकच स्थानिक सुतार, मूर्तिकार व सोनार यांच्याकडे कामे जाऊ लागली. हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या देवळांचे खांब, दरवाजे, पालख्या व रथ घडवीत आले होते.

या काळाची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १५४० नंतर तिसवाडीतील आणि १५६७ च्या सुमारास सासष्टीतील हिंदू देवळे पाडण्यात आली. मंगेश, शांतादुर्गा इत्यादी दैवते भक्तांनी खाडीपलीकडे अंत्रूज महालात नेली. देवळे गेल्यामुळे त्या भागातील कारागिरांचा मोठा आश्रयदाताच गेला. काहींनी नवा धर्म स्वीकारला, काही देवांबरोबर स्थलांतरित झाले, तर काही जुन्या धर्मात राहूनच नव्या धन्याचे काम करू लागले. चर्चच्या लाकडावर पडलेल्या छिन्नीच्या घावांमागे अशी वियोगाची कहाणीही आहे. तिचा उल्लेख टाळून केवळ सौंदर्याचे गोडवे गाणे हे सत्याला धरून होणार नाही.

राज्यकर्त्यांना व धर्माधिकाऱ्यांना हिंदू कारागीर ख्रिस्ताच्या व पवित्र मातेच्या प्रतिमा घडवितात ही गोष्ट रुचत नव्हती. १५४० च्या दशकातच तशा तक्रारी पोर्तुगालच्या राजापर्यंत पोहोचल्या होत्या. १५६७ च्या परिषदेचा ठराव त्याच मालिकेतील होय. तथापि त्याच शतकात अशीच मनाई पुन्हा पुन्हा करावी लागली. आज्ञा पाळली जात असती तर ती फिरून काढण्याचे कारण पडले नसते. कागदावर मनाई होती आणि कामाच्या मांडवात पटाशी चालूच होती, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

वेदी कशी उभी राहिली

जुन्या गोव्यातील महामंदिराचे, म्हणजे से कॅथेड्रलचे, बांधकाम १५६२ साली सुरू झाले व मुख्य इमारत १६१९ पर्यंत पुरी झाली. तिच्या मुख्य वेदीमागील सोनेरी लाकडी मखरावर अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. बॉम जेझू चर्चचा पाया १५९४ साली घातला गेला आणि १६०५ साली त्याचे पवित्रीकरण झाले. तेथील मुख्य वेदीवर संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती असून तिच्या वर पवित्र त्रैक्य दाखविले आहे. शेजारच्या संत फ्रान्सिस असिसी चर्चची सध्याची वास्तू १६६१ सालची. तेथील लाकूडकामात चार शुभवर्तमानकारांनी पवित्र पेटिका तोलून धरली आहे.

दुरून पाहणाऱ्यास ही मखरे सोन्याची भासतात. वास्तविक ती सागाची असतात व सोने असते केसापेक्षाही पातळ. काम कसे चाले ते समजून घेतल्यास त्या कारागिरांविषयीचा आदर दुणावेल. प्रथम लाकूड नीट वाळवावे लागे. ओला साग कोरला तर तो पुढे आकसतो व फाटतो. मोठी मूर्ती एकाच ओंडक्यातून काढली तर आतला गाभा व बाहेरचा भाग सारख्या वेगाने वाळत नाहीत, म्हणून मूर्तीची पाठ आतून पोखरून पोकळ केली जाई. पुढे आलेले हात वा पंख वेगळे कोरून खाच आणि कुसू यांच्या सांध्याने बसवीत. त्यानंतर सरसाचा हात, त्यावर सरसात कालविलेल्या पांढऱ्या मातीचे अनेक थर, प्रत्येक थर घासून गुळगुळीत केलेला. त्यावर तांबड्या बारीक मातीचा लेप, मग सोन्याचा वर्ख आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटाई. सोन्यातून जी उबदार झाक दिसते ती या तांबड्या मातीची असते.

ही पद्धत युरोपातून आली, परंतु लाकूड, हवामान व हात येथले होते. आराखडा पुष्कळदा पाद्री देत. युरोपातील छापील चित्रे हाच मुख्य नमुना असे. त्या सपाट चित्रांना खोली व उठाव देणे मात्र कारागिराच्या नजरेवर अवलंबून होते. म्हणून गोव्यातील देवदूतांचे गाल, संतांच्या वस्त्रांच्या चुण्या आणि वेलबुट्टीतील फुलांची दाटी यांत आपल्या ओळखीचे काहीतरी जाणवते. पाहणाऱ्याने लिस्बनची अपेक्षा धरली तरी त्याला मध्येच एखाद्या देवळाचा सभामंडप आठवतो.

व्यासपीठाखालची नागकन्या

या मिश्रणाचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे गोव्यातील जुनी व्यासपीठे. बॉम जेझूच्या लाकडी व्यासपीठावर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार व ख्रिस्तसभेचे चार आचार्य कोरलेले असून सर्व भार खालच्या सात आकृतींनी पेललेला दिसतो. गोव्यातील इतर काही चर्चमध्ये अशा आकृतींच्या जागी नागकन्या आहेत. वर स्त्रीचे मुख व धड, खाली वळसे घेणारी शेपटी. ज्या पीठावरून देवाचे वचन सांगितले जाते त्याचा भार नागकन्येच्या मस्तकावर!

याचा अर्थ काय लावावा? काही अभ्यासकांच्या मते वचनाच्या पायाखाली दबलेल्या सर्पाचे ते चित्र आहे. एदेन बागेतील सर्पाविषयीचे शाप-वचन ज्यांना पाठ आहे त्यांना हा अर्थ सहज पटेल. दुसरे काही म्हणतात की नाग हा कोकणच्या भूमीचा राखणदार मानला जातो. वारूळ पुजणाऱ्या समाजातील कारागिराने भार वाहणाऱ्या जागी आपल्या परिचयाचा आधार कोरला, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय युरोपातील तत्कालीन शिल्पातही भार पेलणाऱ्या अर्धमानवी आकृती व मत्स्यकन्या होत्याच, तेव्हा नागकन्येचे मातापिता दोन्ही खंडांत शोधावे लागतील.

हे तिन्ही अर्थ एकाच लाकडात एकत्र राहू शकतात, असे आम्हांस वाटते. आराखडा मंजूर करणाऱ्या पाद्रीने एक अर्थ वाचला असेल, कोरणाऱ्याने दुसरा मनात धरला असेल, आणि समोर बसलेल्या शेतकरी बाईने तिसराच घेतला असेल. मात्र याला घाईने आजच्या भाषेत भारतीयीकरणाची योजना म्हणणे योग्य नव्हे. तशी योजना कोणी आखली नव्हती. ज्या व्यवस्थेने कारागिराला त्याचे देऊळ नाकारले, तिच्याच व्यासपीठाखाली त्याच्या हाताची सवय जिवंत राहिली, ही घटना त्यामुळेच अधिक विचार करण्याजोगी आहे.

मराठी वाचकांना याचे एक समांतर उदाहरण परिचित आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल (रायतूर) येथे छापले गेले. पुराणांची व ओवीची आवड लोकांच्या रक्तात आहे हे ओळखून त्यांनी शुभवार्ता त्या साच्यात ओतली. पुढे १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध सरकारी फर्मान निघाले, तरी भाषा मेली नाही. शब्दांच्या बाबतीत जे स्टीफन्स यांनी जाणीवपूर्वक केले, ते लाकडाच्या बाबतीत अनाम सुतारांनी कोणास न विचारता केले. फरक एवढाच की स्टीफन्स यांचे नाव आपणांस ठाऊक आहे.

कातारी, चितारी आणि घरचे लाकूड

वेदी व मूर्ती यांच्याबरोबर चर्चला साधे सामानही लागे. याजकीय वस्त्रे घडी न मोडता आडवी ठेवण्यासाठी रुंद खणांची अवजड पेटारे-कपाटे, बाके, वेतविणीच्या खुर्च्या, मेणबत्त्यांचे उभे दांडे, वेदीपुढील कठडे. शिसवी, साग व फणस ही लाकडे यांसाठी वापरात होती. कागदपत्रे ठेवण्याची अनेक लहान खणांची पेटी, जिला पोर्तुगीज भाषेत कोंतादोर म्हणतात, ती तर गोव्याची ख्यातीच ठरली. सागावर काळे आबनूस व हस्तिदंत जडवून केलेल्या अशा पेट्या युरोपात गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. त्यांच्या पायांशीही पुष्कळदा तीच नागकन्या उभी असते.

कठड्याचे गोल दांडे व मेणबत्तीचे खांब हे कातारी लोकांचे काम. जुन्या पद्धतीत लाकडाचा तुकडा दोन टोकांवर अडकवून त्याला दोरीचा वेढा देत. जोडीदार दोरी पुढेमागे ओढी आणि कातारी पटाशी टेकवून धरी. तुकडा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरे. धार केवळ एका दिशेच्या फेऱ्यालाच लागू पडे, म्हणून हात टेकविणे व उचलणे यांची लय साधावी लागे. वेदीवरील पिळदार खांबांचे काम याहून कठीण. आधी लाकूड गोल करून घ्यावयाचे आणि मग पीळ व त्यावरील द्राक्षवेल हातानेच कोरावयाची. या खांबांना शलमोनी खांब म्हणतात, कारण यरुशलेमच्या मंदिरात तसे खांब होते अशी युरोपात समजूत होती. ज्या शलमोनाने परक्या कारागिरांचे ऋण मान्य केले त्याचे नाव या खांबांनी वागवावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

हीच कातकला घरोघरच्या वस्तूंत आजही जिवंत आहे. सावंतवाडीचे चितारी आणि गोव्यातील कुंकळ्ळीचे चितारी लाखकामाबद्दल प्रसिद्ध आहेत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घोटले की तिला आरशासारखी झळाळी येते. पाट, पाळणे, पोळपाट-लाटणे, मुलींची भातुकली असे संसाराचे सारे साहित्य या हातांतून येते. सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या राजवाड्यातच कारागिरांना बसवून या कलेला पुन्हा आधार दिला. कुंकळ्ळी हे नाव आपण १५८३ साली तेथे मारल्या गेलेल्या येशूसंघीयांमुळे आणि त्यानंतर झालेल्या गावच्या प्रमुखांच्या वधामुळे ओळखतो. रक्ताच्या आठवणी असलेल्या त्या गावचे चितारी ख्रिस्ती बाळांसाठी व हिंदू बाळांसाठी सारखेच पाळणे करतात. इतिहासग्रंथांत न सापडणारा समेट कधी कधी पाळण्याच्या दांडीत सापडतो.

भाषेतही या कामाच्या खुणा राहिल्या आहेत. मेस्त्री हा आपला शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’ वरून आला. बिजागरी, चावी, पगार आणि खुद्द पाद्री हे शब्दही तिकडचेच. पाद्रीने काम सांगावे, मेस्त्रीने बिजागरी बसवावी व शनिवारी पगार न्यावा, असा एक सबंध व्यवहार या चार-पाच शब्दांत साठविलेला आहे.

नाव कोठे गेले?

या व्यवहारात पगार मिळाला, नाव मात्र राहिले नाही. कोणत्या संघाने वेदी उभारली, कोणत्या धर्माधिकाऱ्याने तिचे पवित्रीकरण केले, कोणत्या धनिकाने दान दिले, हे आपणांस पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. ती कोणी कोरली हे क्वचितच कळते. मनाईच्या काळात तर ते न लिहिण्यातच सर्वांची सोय होती.

पुढे लाकडावरही संकटे आली. १७५९ साली येशूसंघीयांची पोर्तुगीज मुलुखातून हकालपट्टी झाली. १८३५ साली गोव्यातील सर्व पुरुष-संघ बंद करण्यात आले. मठ ओस पडले, त्यांतील सामान पांगले. संत ऑगस्टीनच्या भव्य चर्चचे छत १८४२ साली कोसळले. काही वेद्या व मूर्ती इतर चर्चमध्ये नेल्या गेल्या म्हणून वाचल्या. पणजीच्या फोंताइन्यास भागातील संत सेबॅस्टियन चॅपेलमध्ये असलेला मोठा क्रूस पूर्वी धर्मसमीक्षण न्यायालयाच्या म्हणजे इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. ते न्यायालय १८१२ साली बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला व १९१८ साली या चॅपेलमध्ये. त्या क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. त्या डोळ्यांसमोर काय काय घडले असेल याचा विचार करीत तेथे उभे राहणे हीसुद्धा एक प्रार्थनाच आहे.

विसाव्या शतकातील संकट निराळे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदी लोकांकडे तोंड करून मांडण्यात येऊ लागली, आणि काही ठिकाणी जुने लाकूडकाम निरुपयोगी समजून काढून टाकण्यात आले. वस्तुतः १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानाने मोलाच्या कलावस्तू विकल्या वा नष्ट होऊ दिल्या जाऊ नयेत अशी स्पष्ट ताकीद दिली होती. दोष सुधारणेचा नव्हता, उतावळेपणाचा होता. या जाणिवेतूनच १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले. २००२ साली ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले. तत्पूर्वी १९८६ साली जुन्या गोव्याची चर्चे व मठ जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली होती. परंतु खेड्यापाड्यांतील शेकडो वेद्यांना संग्रहालय नाही. त्यांना केवळ आपणच आहोत.

येथे एक अनुभव नमूद करावासा वाटतो. एका गावच्या चर्चच्या मागील खोलीत जुने व्यासपीठ उतरवून ठेवलेले होते. पायऱ्यांना वाळवी लागली होती. नवे प्लायवुडचे व्यासपीठ करण्यासाठी बोलाविलेला वयस्क सुतार माप घेण्यापूर्वी त्या जुन्या लाकडाजवळ गेला. त्याने खालच्या नागकन्येच्या पाठीवरून हात फिरविला, सांध्यात नख घालून पाहिले आणि म्हणाला, “फादर, ह्यात एक खिळा नाही. सगळं कुसवावर उभं आहे. ह्या मेस्त्रीचं नाव काय हो?” आम्ही तेथे चारपाच जण होतो. चर्चच्या फलकावर तीन शतकांतील धर्मगुरूंची नावे होती. त्या प्रश्नाला मात्र कोणापाशी उत्तर नव्हते.

आपले कर्तव्य

नासरेथच्या प्रभूला गावकऱ्यांनी सुतार म्हणून ओळखले (मार्क ६). दुसऱ्या शतकातील हुतात्मा जस्टिन लिहून गेला की प्रभू नांगर व जोखडे करीत असे. त्यांपैकी एकही वस्तू आज उरलेली नाही आणि त्यावाचून आपल्या श्रद्धेचे काही अडले नाही. तेव्हा लाकडाची पूजा मांडावी असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्याच्या प्रभूने पटाशी हातात धरली त्या ख्रिस्तसभेने पटाशी धरणाऱ्याला विसरावे, ही गोष्ट निश्चितच खेदाची आहे.

करण्याजोगी कामे साधी आहेत. जुन्या मूर्तीवर बाजारी तैलरंग चढवू नये, कारण त्याखाली मूळ रंग व सोने कायमचे गाडले जाते. साबण-पाण्याने वेदी धुऊ नये. लाकूड ओलसर भिंतीला टेकलेले असेल तर मध्ये वारा खेळेल इतकी जागा ठेवावी आणि पावसाळ्यानंतर वाळवीच्या वाटा तपासाव्यात. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र व मोजमाप नोंदवहीत असावे. जुने सामान विकत मागणारा मनुष्य आला तर वरिष्ठांना व जाणकारांना विचारल्याशिवाय शब्द देऊ नये. धर्मशिक्षकांनी मुलांना एखादा धडा वेदीसमोर उभे करून शिकवावा आणि कोरलेला प्रत्येक प्रसंग ओळखावयास लावावा. ज्यांनी हे कोरले त्यांत जुन्या धर्मात राहिलेले हातही होते, हेही त्यांना सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शलमोनाला ते सांगताना संकोच वाटला नव्हता.

आणि एक गोष्ट विशेष अगत्याची. यापुढे चर्चमध्ये जे काही घडेल, मग ते बाक असो वा क्रूस, त्याच्या कारागिराचे नाव, गाव व वर्ष दप्तरात लिहून ठेवावे, तो कोणत्याही धर्माचा असो. दर्शनमंडपाची उभारणी करावयाची होती तेव्हा परमेश्वराने मोशेला सांगितले की, ऊरीचा पुत्र बसालेल याला मी नाव घेऊन बोलाविले आहे, आणि लाकूड कोरण्याच्या कामासाठी त्याला आपल्या आत्म्याने भरले आहे (निर्गम, अध्याय ३१). पवित्र शास्त्राने त्या कारागिराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, आजाचे नाव व वंशही नोंदवून ठेवला. देवाने ज्याला नावाने हाक मारली त्याचे नाव लिहिण्यास आपल्या दप्तरात एक ओळ खचितच मिळू शकेल.